नाव सांगितलं, गाव राहिलं

बासष्टच्या नोव्हेंबरात सब-इन्स्पेक्टर राणोजीराव जगताप साधा पांढरा शर्ट घालून कामावर निघाले, तेव्हा सईबाईंनी विचारलं की आज रजा आहे की काय. रजा नव्हती, उलट काम वाढलं होतं. फक्त गणवेश घरी ठेवून यायचा हुकूम झाला होता. वीस-बावीस वर्षं खाकी अंगावर वागवलेल्या माणसाला त्या पांढऱ्या शर्टात उघडं पडल्यासारखं वाटत होतं. मद्रासेतल्या वेस्ट मांबलमच्या गल्लीतून रेल्वे स्टेशनाकडं जाताना नेहमी सलाम करणारा पानवालाही त्यांच्याकडं न बघता सुपारी कातरत राहिला.

चीनशी लढाई पेटली होती. वरून हुकूम सुटला होता की चिनी वंशाच्या माणसांना परकीय समजावं, मग ती इथं जन्मलेली का असेनात, आणि ज्यांची नावं कळवली जातील त्यांना ताब्यात घेऊन राजस्थानातल्या छावणीत रवाना करावं. मद्रासेत अशी माणसं मूठभर. कुणी दातांचा डॉक्टर, कुणी जोडे शिवणारा, कुणी कागदी फुलं विकणारा. हे काम ज्या कचेरीकडं आलं, तिथं राणोजीराव नुकतेच बदलून आले होते.

त्यांचे वरिष्ठ इन्स्पेक्टर सत्यनारायण. बोलायला मऊ, कामाला चोख. त्यांचा धाकटा भाऊ सैन्यात होता आणि सरहद्दीवर बेपत्ता झालेल्यांत त्याचं नाव होतं. ते त्याबद्दल कधी बोलत नसत, पण टपाल आलं की पहिल्यांदा तेच उठत. त्यांनी सगळ्यांना बसवून नीट समजावलं. गणवेश नको, गाडीवर खूण नको. कुणी विचारलंच तर पोलीस म्हणायचं आणि थांबायचं. आपलं नाव सांगायचं नाही. माणसाला कुठं नेणार हे तर कुणालाच सांगायचं नाही, त्याच्या बायकोलासुद्धा नाही. नाव कळलं की लोक दाराशी येऊन बसतात, आणि गाव कळलं की पाठोपाठ निघतात, असं त्यांचं म्हणणं.

राणोजीरावांना हे पटलं नव्हतं. पण न पटलेलं त्यांनी नोकरीत पुष्कळ केलं होतं.

पहिली काही माणसं बिनबोभाट गेली. मग मण्णडी भागात एक प्रकार घडला. तिथल्या एका चिनी जोडेवाल्याच्या घरी दोघं इसम साध्या कपड्यांत गेले, पोलीस म्हणाले, घराची झडती घेतली आणि त्याच्या बायकोच्या अंगावरचे दागिने जप्त करतो म्हणून घेऊन गेले. तो जोडेवाला कचेरीत विचारायला आला तेव्हा उलगडा झाला, की त्या दिवशी कचेरीतून कुणी गेलंच नव्हतं. ते भामटे होते. आणि गमतीची म्हणा की दैवाची म्हणा गोष्ट अशी, की विचारायला आलेल्या त्या माणसाचं नावही यादीत होतं. त्याला तिथंच बसवून घेतलं.

ही बातमी संध्याकाळच्या तमिळ पेपरात आली आणि शहरात चर्चेला तोंड फुटलं. पोलीस कोण आणि चोर कोण हे लोकांनी ओळखायचं कसं? वर्तमानपत्रांत रोज पत्रं येऊ लागली. माइलापूरच्या एका सभागृहात सभा झाली. ती भरवली वकील व्यासराज राव यांनी. हे मूळचे तंजावरचे, घरात मराठी बोलणारे. हायकोर्टात त्यांना मान होता, अशिलांची गर्दी मात्र नव्हती. ते म्हणाले, की राज्याला माणूस धरायचा अधिकार असेल तर धरणाऱ्याला तोंड आणि नाव असलं पाहिजे. त्यावर मागच्या रांगेतला एक निवृत्त अधिकारी उठून म्हणाला, की सीमेवर पोरं मरतायत आणि तुम्हाला पोलिसांकडून व्हिजिटिंग कार्ड हवंय. अर्ध्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. उरलेल्या अर्ध्यानं आरडाओरडा केला. राणोजीराव दाराजवळ उभे राहून हे ऐकत होते. त्यांना दोन्ही बाजूंचं खरं वाटलं आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

चार-दोन दिवसांत सरकारी खुलासा छापून आला. विचारणा झाल्यास अधिकारी आपली ओळख देतातच, असं त्यात होतं. सत्यनारायणांनी तो मोठ्यानं वाचला, पेपर घडी करून ठेवला आणि जीप काढायला सांगितली.

त्या दिवशी पुरसवाक्कमला जायचं होतं, दातांचे डॉक्टर शेन यांच्याकडं.

डॉक्टर शेन लहानपणी बापाबरोबर मद्रासेत आले ते इथंच वाढले. तमिळ अशी बोलत, की पाठमोरे असले तर कुणाला शंका येऊ नये. बायको सरोजा तिथलीच, एका शाळामास्तराची मुलगी. दवाखाना रस्त्यावर आणि घर मागं. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या त्यांनीच केलेल्या. जीप थांबली तेव्हा बाकावर तीन-चार जण गालाला हात लावून बसले होते आणि आत खुर्चीत एकजण तोंड वासून पडला होता.

सत्यनारायण, राणोजीराव आणि एक शिपाई असे तिघं उतरले. सरोजा दवाखान्याच्या दारात आली. उंच, सावळी बाई, केसांत केशरी कनकांबराच्या फुलांचा गजरा, हातात पाण्याचा तांब्या. काय हवंय म्हणून तिनं विचारलं. सत्यनारायणांनी डॉक्टरांना आमच्याबरोबर यावं लागेल असं सांगितलं. कोण तुम्ही, असं तिनं विचारलं. पोलीस, ते म्हणाले.

"मण्णडीतले चोरही हेच म्हणाले होते," सरोजा म्हणाली. "नाव सांगा."

पोलीस, एवढंच सत्यनारायण पुन्हा म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं. ती ओरडली नाही, पण तांब्या खाली ठेवून चौकटीच्या दोन्ही बाजू धरून उभी राहिली. बाकावरचे उठले. समोरच्या सायकलच्या दुकानातली माणसं हातातले पाने तसेच घेऊन आली. पेपर सगळ्यांनी वाचला होता. कुणीतरी म्हणालं, हेच ते भामटे. कुणीतरी जीपच्या चाकाची हवा सोडली. शिपायानं एकाला ढकललं आणि पुढच्याच क्षणी एक दगड येऊन त्याच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. सत्यनारायणांचा हात शर्टाखाली कमरेकडं गेला. तिथं काय होतं ते राणोजीरावांना ठाऊक होतं.

तेव्हा ते पुढं झाले. त्यांचा आवाज कवायतीचा होता, गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

"माझं नाव राणोजी राव जगताप. सब-इन्स्पेक्टर. वेस्ट मांबलमला राहतो. हे माझं ओळखपत्र, कुणीही वाचा."

त्यांनी खिशातून कार्ड काढून सरोजाच्या हातात दिलं. तिनं ते वाचलं, फोटो पाहिला, त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. सायकलवाल्यानंही वाकून पाहिलं आणि मागं वळून खरे पोलीस आहेत म्हणाला. गर्दीतली हवाच निघून गेली. चोरांशी लढायला आलेली माणसं पोलीस म्हटल्यावर ओशाळली आणि पाने पाठीमागं धरून भिंतीला लागली. एकानं तर शिपायाला चहा विचारला.

डॉक्टर शेन हात पुसत बाहेर आले. सगळं त्यांनी ऐकलं होतं. खुर्चीतल्या माणसाला त्यांनी कापूस घट्ट चावून धरायला सांगितलं, पांढरा कोट काढून खुंटीला लावला आणि चपला शोधू लागले.

"कुठं नेताय?" सरोजानं विचारलं. "मीही येते."

"तशी गरज नाही अम्मा," सत्यनारायण म्हणाले. "थोडी चौकशी आहे. उद्या संध्याकाळपर्यंत परत येतील."

सरोजानं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. ज्याचं नाव कळलं होतं त्याच्याकडं तिनं पाहिलं.

"खरं का अय्या?"

राणोजीरावांनी मान हलवली. हो अशी.

तेवढ्यावर ती दारातून बाजूला झाली. डॉक्टरांना दम्याचा त्रास होता. ती औषधाची बाटली आणायला आत वळली, पण उद्या येणारच आहे म्हणून डॉक्टरांनीच तिला थांबवलं. चाकात हवा भरून द्यायला सायकलवाला स्वतः पंप घेऊन आला.

डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी उत्तरेकडं जाणाऱ्या गाडीच्या बंद डब्यात बसवलं. त्या डब्यापर्यंत त्यांना पोचवायचं काम राणोजीरावांकडंच आलं. राजस्थानातल्या कोटा स्टेशनावर उतरवून तिथून पुढं छावणीत नेणार हे त्यांना माहीत होतं. डब्यात चढताना डॉक्टरांनी थंडी असते का तिकडं, एवढं विचारलं. असते, राणोजीराव म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सरोजा कचेरीच्या फाटकाशी आली. दुसरं कुठलंच नाव तिच्याजवळ नव्हतं, म्हणून तिनं राणोजीरावांचं घेतलं. पहारेकऱ्यानं आत निरोप दिला. सत्यनारायण नुसते हसले. तुमच्याकडं पाहुणे आलेत म्हणाले. राणोजीराव बाहेर गेले आणि चौकशी अजून चालू आहे, असं तिला सांगून आले. ती पुन्हा आली, आणि मग येतच राहिली. डिसेंबरात मार्गळी महिन्याचा पाऊस लागला तरी छत्री घेऊन फाटकाबाहेरच्या झाडाखाली उभी राही. एकदा तिनं कापडात बांधून लोकरीचा स्वेटर आणि दम्याचं औषध आणलं. राणोजीरावांनी ते घेतलं, छावणीत पाठवायची परवानगी मागितली, आणि परवानगी नाही असा शेरा घेऊन ते गाठोडं तसंच त्यांच्या टेबलावर परत आलं. ते त्यांनी तिला परत दिलं. गाठोडं सोडून औषधाची बाटली फुटलीय का तेवढं तिनं पाहिलं.

घरी राणोजीरावांचं जेवण कमी झालं होतं. सईबाई फारसं विचारणाऱ्यातल्या नव्हत्या. पण एका दुपारी सरोजा वेस्ट मांबलमच्या घरीच आली. गल्लीत विचारत विचारत आली होती. राणोजीराव घरी नव्हते. सईबाईंनी तिला बसवलं, कॉफी दिली आणि सगळं तिच्याकडून ऐकून घेतलं. ते संध्याकाळी घरी आले तेव्हा पितळी पेला अजून ओट्यावर तसाच होता.

"ती म्हणाली," सईबाईंनी आपल्या तंजावरी मराठीत सांगितलं, "की ते मनुष्य चांगले, असक्या गल्लीभरच्या लोकांदेखत नाव सांगटले. मग खोटें कशास बोलतील? उद्या येतात म्हणाले म्हणून मी औषध दिलें नाही."

राणोजीरावांनी पायातले बूट काढले आणि ओट्यावरचा पेला उचलून मोरीत ठेवला.

जानेवारीत व्यासराज रावांनी सरोजाच्या वतीनं हायकोर्टात अर्ज केला. माझ्या नवऱ्याला कोर्टापुढं हजर करा, निदान कुठं आहे ते सांगा, एवढीच मागणी. अर्जात कुणाला तरी नावानं उभं करावं लागतं. नेणाऱ्यांपैकी तिला एकच नाव ठाऊक होतं. सरकार, खातं, आणि तिसरे राणोजी राव जगताप.

पेपरात ते नाव छापून आलं आणि मग ते ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. एका कोपरासभेत एक वक्ता म्हणाला, की राणोजी राव हे कुठल्या देशाचं नाव? उत्तरेतून आलेला हा माणूस आमच्या तमिळ बाईचा नवरा पळवतो. राणोजीरावांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी तंजावरात आलं होतं. त्यांच्या घरची मराठी ऐकली तर पुण्याचा माणूस हसला असता. त्यांच्या मुलीला तर तीही धड येत नव्हती. घरावर डांबरानं कुणीतरी परत जा असं लिहून गेलं, तेव्हा नक्की कुठं, हा प्रश्न सईबाईंनी तमिळमध्ये शेजारणीला विचारला. शेजारीण चुना कालवून घेऊन आली आणि दोघींनी मिळून भिंत पांढरी केली.

कचेरीत मात्र चित्र वेगळं निघालं. राणोजीरावांना वाटलं होतं, हुकूम मोडून नाव सांगितलं म्हणून ठपका येईल. उलट त्यांना वर बोलावून खुर्ची दिली. सत्यनारायण तिथंच होते. टेबलावर कोर्टात द्यायचं प्रतिज्ञापत्र टाइप करून तयार होतं, राणोजीरावांच्या नावानं. अधिकाऱ्यांनी नाव, हुद्दा सांगून जाहीरपणे ओळख दिली, असं त्यात होतं. ते खरंच होतं. पुढं लिहिलं होतं, की पत्नीस अटकेचा हुकूम वाचून दाखवला, छावणीचं ठिकाण तमिळमधून समजावून सांगितलं आणि पतीबरोबर येण्यास तिनं नकार दिला.

राणोजीरावांनी ते दोनदा वाचलं. हे असं झालेलं नाही, असं त्यांनी सांगितलं.

सत्यनारायणांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. नाव तुम्हीच दिलंत, ते म्हणाले. तुम्ही दिलंत म्हणून तर सरकारचा खुलासा खरा ठरला. आता हे एवढं पूर्ण करा. कोर्ट तसंही काही करणार नाही, लढाईमुळं आणीबाणी आहे. मग थोडं थांबून खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "माझा भाऊ कुठं आहे ते मलाही कुणी सांगितलं नाही, राणोजी. मी कुणाला कोर्टात खेचू?"

विचार करायला म्हणून राणोजीरावांनी कागद खिशात घातला आणि घरी आले.

तिथं व्यासराज राव बसले होते. कोर्टात एकमेकांसमोर असलेल्यांनी असं भेटणं बरं नाही, हे दोघांनाही कळत होतं. वकिलांनी चप्पल दारातच ठेवली होती, पण छत्री हातातून सोडली नव्हती. ते आपल्या घरच्या मराठीत बोलले. बाहेरचं कुणी ऐकलं तरी कळू नये म्हणून असेल, किंवा ते बोलणं तमिळ-इंग्रजीत बोलवेना म्हणून असेल. मी तुम्हांस दोष देण्यास आलों नाही, ते म्हणाले. खटला आम्ही हरणार आहों. पण तुम्ही शपथेवर ठिकाण सांगटलें, तर ते कोर्टाच्या कागदांत राहील. मग तिला कोणी सांगूं शकणार नाही, की तुझा नवरा कुठें आहे हे आम्हांस ठाऊक नाही. एवढंच बोलून ते गेले. कॉफीही घेतली नाही.

राणोजीरावांनी खिशातला कागद काढून सईबाईंना वाचून दाखवला, मराठीत अर्थ सांगत. नोकरी जाईल, हेही सांगितलं. मुलीचं कॉलेज, घर, सगळं बोलून झालं. सईबाई भाजी चिरत ऐकत होत्या. चिरून झाल्यावर विळी आडवी ठेवून त्या म्हणाल्या, "नाव सांगटलांत. आतां गांवही सांगा. अर्धें सांगून तुम्हांस झोप येत नाही, मलाही येत नाही."

कोर्टाच्या दिवशी गर्दी होती. नाव सांगणारा पोलीस पाहायला वकीलही आले होते. राणोजीराव खाकीत गेले, कडक इस्त्रीच्या. त्यांनी आपलं प्रतिज्ञापत्र स्वतःच्या हातानं लिहून आणलं होतं. नाव मी सांगितलं. हुकूम वाचून दाखवला नाही. ठिकाण सांगितलं नाही. बरोबर येते असं ती म्हणाली होती, तिला नको सांगण्यात आलं. उद्या परत येतील हे खोटं आहे हे मला माहीत होतं, आणि तिनं विचारलं तेव्हा मी मान हलवली. डॉक्टरांना कोट्याला जाणाऱ्या गाडीत मी बसवलं, तिथून पुढं राजस्थानातल्या छावणीत नेण्यासाठी. सरकारी वकिलांनी हरकत घेतली. न्यायमूर्तींनी ती ऐकली, चष्मा काढला आणि सरकारला विचारलं, की हा माणूस छावणीत आहे हे खरं आहे का. सरकारी वकिलांनी मागं वळून पाहिलं, कुजबुज झाली आणि खरं आहे असं उत्तर आलं.

अर्ज फेटाळला गेला. आणीबाणीत असा अर्ज चालत नाही, हे न्यायमूर्तींनी चार वाक्यांत सांगितलं. शेवटी एक वाक्य त्यांनी जादा घातलं, की अधिकाऱ्यांनी आपली ओळख स्पष्ट द्यावी हे इष्ट होय. दुसऱ्या दिवशी पेपरांनी तेवढंच वाक्य मोठ्या अक्षरात छापलं. चर्चा करणाऱ्या दोन्ही बाजूंना आपण जिंकल्यासारखं वाटलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात सरोजा खांबाला टेकून उभी होती. राणोजीराव तिच्याजवळ गेले. क्षमा मागायची म्हणून गेले होते, पण तोंडातून निघालं ते गाडीचं नाव, कुठं बदलायची, कोट्याला उतरल्यावर पुढं बस कुठून मिळेल ते. ती लक्ष देऊन ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली:

"हे तेव्हा सांगितलं असतंत, तर मी औषध घेऊन त्याच गाडीत बसले असते. तुमचं नाव मला नको होतं अय्या."

ती जिना उतरून गेली.

आठवड्याच्या आत ती राजस्थानला गेली. छावणीच्या फाटकाशी जाऊन मला आत घ्या म्हणाली. बाहेर पडू मागणारे पुष्कळ होते, आत येऊ मागणारी पहिलीच, म्हणून तिला बरेच दिवस गावातल्या धर्मशाळेत ताटकळत ठेवलं आणि मग घेतलं. हे व्यासराज रावांकडून राणोजीरावांना कळलं. तोवर ते निलंबित झाले होते. मुलीनं कॉलेज सोडून टायपिंगची नोकरी धरली. राणोजीराव सकाळी आंघोळ करून, कपडे करून बसत आणि कुठं जायचं ते न सुचून मांबलम स्टेशनापर्यंत जाऊन परत येत.

एप्रिलात त्यांना पुन्हा घेतलं, हुद्दा एक पायरी खाली उतरवून. नेमणूक बंदरावर. चीनहून बोट येणार होती, छावणीतल्या ज्यांनी जायचं कबूल केलं होतं त्यांना न्यायला, आणि तिथं माणसं कमी पडत होती. कबूल म्हणजे काय, तर छावणीत किती वर्षं राहायचं ते कुणी सांगत नव्हतं आणि घरी कधी सोडणार तेही सांगत नव्हतं. तिसरी वाट बोटीची.

बंदरावर त्या दिवशी ऊन असं होतं, की धक्क्यावरचं लोखंड हाताला चटका देत होतं. खात्याचा नवा हुकूम आला होता. प्रत्येक अधिकाऱ्याच्या छातीवर पितळी पट्टी, तिच्यावर इंग्रजीत आणि तमिळमध्ये नाव. ओळीनं उभे राहिलेले सगळे लखलखत होते. सत्यनारायणांच्या छातीवरही पट्टी होती. त्यांच्या भावाचं काही कळलं नव्हतं. राणोजीरावांकडं त्यांनी पाहिलं आणि ओळखीची मान हलवली.

बंद गाड्यांतून माणसं उतरली. म्हातारे, बायका, कडेवरची मुलं. कुणी आसामी बोलत होतं, कुणी बंगाली. नावं पुकारली जात होती, कागद पाहिले जात होते, सगळं अगदी रीतसर. पितळी पट्टीवरचं नाव वाचायला कुणी थांबलं नाही.

डॉक्टर शेन अर्धे झाले होते. शिडीपर्यंतचं अंतर चालताना दोनदा थांबून त्यांनी श्वास घेतला. सरोजा त्यांचा दंड धरून होती. सुती साडी, डोक्यावर पत्र्याची पेटी, कपाळावर कुंकू. चिनी भाषेतला एक शब्द तिला येत नव्हता; डॉक्टरांना येत होते ते लहान मुलाला येतात तेवढे. बोटीवर लाल कापडावर मोठमोठी अक्षरं लिहिली होती. ती तिनं एकदा पाहिली आणि नजर खाली घेतली.

रांगेसाठी बांधलेल्या दोराजवळ राणोजीराव उभे होते. ती थांबली.

"इथंही तुम्हीच," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पेटी डोक्यावर सावरत ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून मी पोचले. थंडीत हे वाचले नसते."

राणोजीरावांना वाटलं, आपण गाव सांगितलं नसतं तर ही आज पुरसवाक्कमला आपल्या माणसांत असती. एकटी असती, पण तिथं असती. यातलं बरं कुठलं हे त्यांना तेव्हाही ठरवता आलं नाही आणि पुढं कधीही आलं नाही.

डॉक्टरांना बोलायला दम पुरत नव्हता. त्यांनी खुणेनं राणोजीरावांना जवळ बोलावलं. समोरच्या घरातल्या मुदलियारांची कवळी तयार आहे, ते तमिळमध्ये म्हणाले. कपाटात वरच्या फळीवर, ओल्या कापडात ठेवलीय. म्हातारा डिसेंबरपासून नुसती पेज पीत असेल. तेवढी द्या.

देतो, राणोजीराव म्हणाले.

मागच्यांना पुढं सरकायची घाई होती. ती दोघं शिडी चढून गेली. वर पोचल्यावर सरोजानं पेटी खाली ठेवली आणि डॉक्टरांना तिच्यावर बसवलं. बोट दुपारी सुटली.

दुसऱ्या दिवशी राणोजीराव पुरसवाक्कमला गेले. दवाखान्याच्या दाराला सरकारी लाखेचं सील होतं. शत्रूची मालमत्ता म्हणून दवाखाना ताब्यात घेतला होता. त्यांनी अर्ज केला, की एका रुग्णाची कवळी तेवढी बाहेर काढू द्यावी. कवळी ही मालमत्ता आहे का आणि असेल तर कुणाची, याची विचारणा होऊन अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर गेला. राणोजीराव दर महिन्याला पगारानंतरच्या शनिवारी जाऊन त्याची चौकशी करत. पावसाळ्यानंतर उत्तर आलं, नाही म्हणून. तोवर मुदलियार वारले होते. त्यांच्या सुनेनं राणोजीरावांना दारातच हे सांगितलं आणि उन्हातून आलात म्हणून ताक दिलं. ते उभ्यानंच पिऊन राणोजीराव तिथून चालत स्टेशनाकडं निघाले.